वाचकांचे प्रश्न : स्लो बिघडला, तर स्क्रूआधी काय तपासावे?

या महिन्यात जुन्या मालवाहू गाड्यांविषयी जी पत्रे आली, त्यांतील चार पत्रे इंजिनाच्या आयडलविषयी (पेडल न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरते त्याविषयी), म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘स्लो’विषयी आहेत. चारही गाड्यांत इंधन फवाऱ्याने दिले जाते. परंतु एका गाडीत ते काम यांत्रिक पंप करतो, दुसरीत पेट्रोलचे इंजेक्टर करतात आणि उरलेल्या दोन गाड्यांत कॉमन रेल पद्धत (एका सामायिक नळीत उच्च दाबाने ठेवलेले डिझेल संगणकाच्या हुकमाने फवारणारी) आहे. त्यामुळे ‘स्लो बिघडला’ ही तक्रार एकच असली, तरी तिची कारणे निरनिराळी असू शकतात. पहिल्या दोन पत्रांतील एक गोष्ट मला विशेष खटकली. दोन्ही ठिकाणी तपासणी सुरू होण्याआधीच कोणीतरी आयडलचा स्क्रू फिरवलेला आहे. स्क्रू फिरवल्याने इंजिन बंद पडायचे थांबते, पण मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या माणसाला तो शोधणे दुप्पट अवघड होते. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सविस्तर देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९९ सालचा चार सिलिंडरचा डिझेल ट्रक आहे. इंजिन सुमारे तीन लिटरचे असून पंप जुन्या पद्धतीचा, चार एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल ढकलणारे भाग) एका रांगेत असलेला आहे. मी शिरवळ भागातून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी आणतो. सकाळी गाडी सुरू केली, की इंजिनाचा आवाज लाटेसारखा वरखाली होतो. कात्रजचा बोगदा ओलांडून खाली उतरल्यावर चौकातल्या सिग्नलला इंजिन हळूहळू मंदावत बंद पडते. मेस्त्रींनी स्लो वाढवून दिला. आता इंजिन बंद पडत नाही, पण वरखाली होणे तसेच आहे आणि पहिला गिअर टाकताना खरखर होते. पंप तपासणीच्या बेंचवर न्यावा का?
— एक वाचक, कात्रज

उत्तर : पंप बेंचवर न्यावा लागेलही, परंतु आजच नेऊ नये. पंप खोलण्याचा खर्च मोठा असतो, आणि अशा तक्रारींत बऱ्याचदा दोष पंपात नसून पंपापर्यंत डिझेल नेणाऱ्या वाटेत असतो.

आधी एक हिशेब पाहा. आपल्या आकाराचे इंजिन आयडलला ताशी साधारण पाऊण लिटर डिझेल जाळते असे धरू. मिनिटाला ७०० फेरे असतील, तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला १,४०० आणि तासाला ८४,००० फवारे पडतात. म्हणजे एका फवाऱ्यात सुमारे ९ घनमिलिमीटर डिझेल आले, जे औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. भरलेली गाडी घाट चढत असते तेव्हा हाच फवारा कितीतरी पटींनी मोठा असतो, आणि त्या वेळी दोन-तीन घनमिलिमीटरचा फरक जाणवतही नाही. आयडलला मात्र तेवढाच फरक सिलिंडर जवळजवळ उपाशी ठेवतो. गाडी ओढायला उत्तम आणि उभी राहिली की अस्वस्थ, असे का होते, त्याचे कारण हे आहे.

आता आपली दोन लक्षणे वेगळी करू. आवाज ठरावीक तालात वरखाली होणे याला ‘हंटिंग’ म्हणतात. गव्हर्नर वेग राखण्यासाठी इंधन कमी-जास्त करत असतो. त्याच्या हुकमाला पंप उशिरा किंवा अपुरा प्रतिसाद देऊ लागला, की गव्हर्नर प्रत्येक वेळी गरजेपेक्षा पुढे जातो, मग मागे येतो, आणि हा झोका चालू राहतो. एखादे सिलिंडर मिस होत असेल, तर मात्र ताल नसतो. आवाज तुटक येतो आणि इंजिन माउंटिंगवर हलते. आपल्या वर्णनावरून पहिले लक्षण हंटिंगचे आहे. दुसरे लक्षण, म्हणजे गरम झाल्यावर मंदावत बंद पडणे, हे वेगळ्या कारणाचेही असू शकते. त्याकडे नंतर येतो.

पहिले काम साधे आहे. पंपावरच्या लिव्हरला जोडलेला अॅक्सिलरेटरचा रॉड किंवा केबल सोडा आणि लिव्हर आयडलच्या स्टॉपला पूर्ण टेकतो की नाही ते पाहा. गंजलेला बुश, सैल झालेली परतीची स्प्रिंग किंवा पेडलखाली सरकलेली रबरी चटई एवढ्या कारणाने लिव्हर एखादा मिलिमीटर अलीकडे राहतो आणि स्लो रोज वेगळा लागतो. त्यानंतर इंजिन चांगले गरम करून आरपीएम मोजा. जुन्या ट्रकांत टॅकोमीटर नसतो, म्हणून क्रँकच्या पुलीवर चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवून हातातल्या प्रकाशाच्या टॅकोमीटरने मोजता येते. कानाने लावलेला स्लो सहसा जास्तच लागतो. या वर्गातल्या डिझेल इंजिनांचा आयडल बहुधा ६०० ते ८०० च्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा आणि आज मोजलेला आकडा वहीत लिहून ठेवावा.

यानंतर डिझेलमध्ये हवा शिरते आहे का ते तपासा. माझा पहिला संशय येथेच आहे, कारण आपली हंटिंग सकाळी, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर होते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचा) भाग ओढीखाली असतो. तेथे चीर पडली, तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे नळी कोरडी दिसते, मेस्त्री ‘गळती कुठेच नाही’ म्हणतात, आणि ते खरेही असते. रात्रभरात त्याच चिरेतून हवा शिरून नळीतले डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी पंपाला हवा-डिझेलाचे मिश्रण मिळते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. म्हणून प्लंजरची (पंपातल्या दट्ट्याची) चाल त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्च होते आणि फवारा अपुरा पडतो.

हे पाहण्यासाठी फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये हातभर पारदर्शक, डिझेल सहन करणारी नळी तात्पुरती बसवा. इंजिन सुरू करून पाच मिनिटे पाहत राहा. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे चालतात. ते सतत येत राहिले, तर हवा शिरते आहे. आता कोठून, हे ठरवण्यासाठी स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा पंपापेक्षा उंच ठेवून, फीड पंपाकडे जाणारी नळी टाकीऐवजी त्या डब्याला जोडा आणि नळीतली हवा काढून इंजिन चालवा. हंटिंग थांबली, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान आहे. तेथे बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर, जाळीच्या वाटीची रबरी रिंग, हँड प्रायमरचा सील आणि टाकीत उतरणारी ओढीची नळी हे सर्व तपासावे. या शेवटच्या नळीकडे कोणी पाहत नाही. माझ्या पाहण्यात एक ट्रक असा आला होता, की त्याची टाकी निम्म्याच्या वर भरलेली असेपर्यंत इंजिन घड्याळासारखे चालत असे आणि त्याखाली गेली की झोके देऊ लागे. नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडांचे) दोन संच बदलून झाल्यावर ओढीच्या नळीला टाकीच्या आत, मधोमध पडलेली केसाएवढी चीर सापडली.

त्याच वेळी टाकीचे झाकण सैल करून पाहा. झाकणाचे हवेचे भोक धुळीने बुजले, तर चालता चालता टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिन तासाभराने दम सोडू लागते. झाकण उघडताना हवा आत जाण्याचा आवाज आला, तर शोध तेथेच संपू शकतो. फिल्टर बदलून किती दिवस झाले आणि त्याच्या तळाशी पाणी आहे का, हे पाहण्यास अर्धा तासही लागत नाही. पावसाळ्यात ते दर आठवड्याला करावे. पंपाच्या परतीच्या वाटेवर ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो, तो पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या पोकळीत) सुमारे एक-दीड बारचा दाब राखतो. त्याची स्प्रिंग तुटली किंवा कोणी त्याच्या जागी साधा बोल्ट बसवला, तर दाब राहत नाही.

इथपर्यंत सर्व ठीक निघाले, तर एकेक सिलिंडर तपासा. यांत्रिक पंपाच्या गाडीत, आणि फक्त अशाच गाडीत, आयडलला एका वेळी एका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करता येतो. डोळ्यांना चष्मा लावावा, जोडावर जाड कापड धरावे आणि फवाऱ्यासमोर हात कधीही आणू नये, कारण तो दाब कातडी भेदतो. नट सैल केल्यावर आरपीएम उतरले, तर ते सिलिंडर काम करत होते. काहीच फरक पडला नाही, तर दोषी सिलिंडर सापडले. त्याचे नोझल शेजारच्या नोझलशी अदलाबदल करून पाहा. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझल बदला. तेथेच राहिला, तर टॅपेटचे अंतर आणि कॉम्प्रेशन पाहा, आणि तीही ठीक असतील तर पंपातील तो एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह.

आता कात्रजच्या चौकाबद्दल. खेड-शिवापूरपासून बोगद्यापर्यंतच्या चढावर इंजिन तापते, पंप तापतो आणि डिझेल पातळ होते. पंपाचे प्लंजर झिजलेले असतील, तर थंड, घट्ट डिझेल त्यांच्या बाजूने फारसे निसटत नाही. गरम, पातळ डिझेल निसटते. म्हणून इंजिन गरम असतानाच मंदावते आणि गरम असतानाच पुन्हा सुरू व्हायला वेळ लावते. ते थंड पडल्यावर लगेच सुरू होत असेल, पण चौकात बंद पडल्यावर बराच वेळ स्टार्टर मारावा लागत असेल, तर ही झिजेची खूण समजावी. हवा आणि फिल्टर यांचा बंदोबस्त केल्यावरही ही खूण उरली, तर पंप बेंचवर अवश्य न्यावा. तेथे चारही एलिमेंटचे आयडलचे माप एकमेकांशी जुळवून घ्यावे आणि गव्हर्नरच्या आयडल स्प्रिंगची, तसेच रॅक (डिझेलचे माप कमी-जास्त करणारी पट्टी) अडखळतो का याची तपासणी लेखी मागावी. पाणी गेलेल्या आणि काही महिने उभ्या राहिलेल्या पंपाचा रॅक गंजाने जड होतो, आणि तेवढ्याने हंटिंग सुरू होते.

स्लो वाढवल्यामुळे गिअरला खरखर येते, कारण क्लच दाबल्यावरही गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट जास्त वेगाने फिरत राहतो आणि थांबायला वेळ घेतो. दोष दूर झाल्यावर इंजिन गरम असताना, टॅकोमीटर लावून, स्क्रू मॅन्युअलच्या आकड्यावर परत आणावा. शिशाचा सील असलेल्या कमाल वेगाच्या स्क्रूला मात्र कोणालाही हात लावू देऊ नये.

प्रश्न : माझा २००७ सालचा छोटा पेट्रोल टेम्पो आहे, चार सिलिंडर, मल्टीपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर). तीन वर्षांपूर्वी सीएनजी किट बसवले. कधी सिग्नलला क्लच दाबला, की आरपीएम एकदम पडून इंजिन बंद होते. कधी गरम झाल्यावर १,५०० वर अडकून राहते. थ्रॉटल साफ केला, प्लग बदलले. मेस्त्रींनी थ्रॉटलचा स्क्रू थोडा आत घेतला. आता त्यांनी व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारा काटा) लावले, ते पाऱ्याचे १६ इंच दाखवते. पुस्तकात १७ ते २१ लिहिले आहे, म्हणून पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि इंजिन उतरवावे लागेल असे ते म्हणतात.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : इंजिन उतरवू नका. पुस्तकातला १७ ते २१ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. उंची दर हजार फुटांनी वाढली, की हे वाचन साधारण एक इंचाने उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांहून थोडे वर आहे. त्यामुळे येथे निरोगी इंजिनाचे वाचन १५ ते १९ च्या दरम्यान येणारच. आपले १६ इंच त्यात बसतात. मुंबईत छापलेला तक्ता पुण्यात जसाच्या तसा लावू नये, ही गोष्ट आपल्याकडच्या मेस्त्रींना कोणी सांगितलेली नसते. दोष त्यांचा नाही. काट्याच्या आकड्यापेक्षा त्याची हालचाल अधिक बोलकी असते. काटा स्थिर असेल, तर रिंगा व व्हॉल्व्ह यांची चिंता तूर्त सोडावी. ठरावीक अंतराने झटका देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह किंवा एखादे सिलिंडर पाहावे.

डिझेलच्या उलट, पेट्रोल इंजिनाचा आयडल हवेने ठरतो. थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, पाकळी जवळजवळ बंद असते आणि तिला वळसा घालून जाणाऱ्या वाटेवर एक छोटा झडप-मोटर असतो. गॅरेजमध्ये त्याला स्टेपर मोटर किंवा आयडल व्हॉल्व्ह म्हणतात. इसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिनाचे तापमान पाहतो, हवे तेवढे आरपीएम ठरवतो आणि ही वाट कमी-जास्त उघडतो. इंधन त्या हवेच्या हिशेबाने नंतर ठरते. आपल्या गाडीत आरपीएम कधी पडतात आणि कधी वर अडकतात. एकाच गाडीत दोन्ही टोके दिसतात तेव्हा हा व्हॉल्व्ह कार्बनने जड झाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, कारण तो जेथे अडकेल तेथला स्लो मिळतो. थ्रॉटल साफ करताना बहुतेक जण पाकळी पुसतात आणि व्हॉल्व्ह न काढताच सोडून देतात. तो बाहेर काढावा, टोक आणि त्याची बैठक दोन्ही क्लीनरने व मऊ ब्रशने स्वच्छ करावीत. टोक हाताने ओढू किंवा दाबू नये, आतले आटे तुटतात.

थ्रॉटलचा स्क्रू मात्र आधी जागेवर आणावा लागेल. पाकळी जरा उघडी राहिली, की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे वाचन ‘बंद’ या आकड्यावर येत नाही. अनेक गाड्यांत तो आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. इसीयूला वाटते, चालकाचा पाय पेडलवर आहे. मग तो आयडलचे नियंत्रणच करत नाही. १,५०० वर अडकण्याचे हे एकटे कारणही पुरेसे आहे. स्क्रू पूर्वस्थितीला आणून सेन्सरचे व्होल्टेज मल्टीमीटरने मोजा, आणि पेडल सावकाश दाबताना ते अडखळल्याशिवाय वाढते का तेही पाहा.

यानंतर चोरहवा, म्हणजे फटींतून आत शिरणारी हवा, शोधा. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसच्या वाफेची नळी, मॅनिफोल्डचा गॅस्केट आणि इंजेक्टरच्या रबरी रिंगा, या चार जागा अठरा-एकोणीस वर्षांच्या गाडीत हमखास कडक होऊन फाटतात. बूस्टरची नळी पकडीने दाबून पाहा. आरपीएम जागेवर आले, तर दोष तिकडे आहे. जोडांवर कार्बोरेटर क्लीनर फवारून आरपीएम बदलतात का पाहण्याची रीत प्रचलित आहे, पण गरम एक्झॉस्टजवळ, त्यातही सीएनजीच्या गाडीत, ती धोक्याची आहे. साबणाचे पाणी फवारले तरी काम होते. चोरहवेचा परिणाम इंजिनाच्या पद्धतीवर अवलंबून असतो, हेही लक्षात घ्यावे. मॅनिफोल्डचा दाब मोजून चालणाऱ्या गाडीत चोरहवा आली, की इसीयू तिच्या हिशेबाने इंधनही वाढवतो आणि स्लो चढतो. येणारी हवा मोजून चालणाऱ्या गाडीत ती हवा हिशेबाबाहेर राहते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते.

तिसरी तपासणी कूलंटच्या तापमान सेन्सरची. इंजिन गरम झाले तरी सेन्सर ‘थंड’ सांगत राहिला, तर इसीयू स्लो चढाच ठेवतो. बऱ्याच गाड्यांत या सेन्सरचा रोध २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. सेन्सर काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा, भांडे शेगडीवर ठेवावे, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापेल तसे ओहम लिहीत जावे. वीस मिनिटांत निकाल लागतो. रेडिएटरमध्ये पाणी कमी असेल आणि सेन्सरजवळ हवेचा फुगा अडकला असेल, तर चांगला सेन्सरही चुकीचे सांगतो.

राहता राहिला सीएनजी. एक दिवस गाडी केवळ पेट्रोलवर चालवा. तक्रार गेली, तर किटचा मिक्सर, त्याचा जोड, रेग्युलेटर आणि कमी दाबाची नळी पाहावी. हे काम अधिकृत किटवाल्याकडेच करून घ्यावे. तक्रार दोन्ही इंधनांवर सारखी असेल, तर वर सांगितलेला क्रम धरावा. एक तिसरी शक्यता अशी, की पेट्रोलवर तक्रार थोडी आणि गॅसवर खूप. गॅसच्या मिश्रणाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, म्हणून दमलेली कॉइल किंवा केबल आधी गॅसवर उघडी पडते. आपण प्लग बदलले आहेत; प्लगचा गॅप किटच्या सूचनेप्रमाणे ठेवला होता का, ते पाहा.

काम झाल्यावर बॅटरी काढून जोडली असेल, तर इसीयू आयडलचा शिकलेला हिशेब विसरतो. इंजिन थंड असताना सुरू करून, पेडलला पाय न लावता, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत चालू द्यावे. पुष्कळ गाड्यांत तेवढ्याने तो पुन्हा शिकतो.

प्रश्न : २०१२ सालचा कॉमन रेल डिझेल पिकअप आहे. सर्व्हिस सेंटरमधून गाडी आतून-बाहेरून धुऊन आणल्यापासून स्लो १,२०० च्या आसपास अडकला आहे आणि अॅक्सिलरेटरला जवळजवळ प्रतिसादच नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये नोझलचे पाइप सैल करून सिलिंडर तपासू म्हणतात.
— एक वाचक, चाकण

उत्तर : पाइप सैल करू देऊ नका. हे मी कळकळीने लिहीत आहे. कॉमन रेलमध्ये आयडललाही रेलचा दाब सुमारे ३०० बार असतो, आणि या पिढीच्या इंजिनांत तो १,६०० बारपर्यंत जातो. चालू इंजिनाचा जोड सैल केला, तर डिझेलची धार हातमोज्यासह कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत डिझेल पसरत जाते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे कोणाला झाले असेल, तर दुखो वा न दुखो, ताबडतोब रुग्णालयात जावे आणि ‘उच्च दाबाचे डिझेल आत गेले आहे’ हे शब्द डॉक्टरांना सांगावेत.

आपली तक्रार इंधनाची वाटत नाही. पेडलच्या आत दोन सेन्सर असतात आणि ते एकाच वेळी दोन वेगळी व्होल्टेज पाठवतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचे व्होल्टेज पहिल्याच्या निम्मे असते. दोहोंचे गणित जुळले नाही, की इसीयू पेडलवर विश्वास ठेवत नाही आणि गाडी रस्त्याच्या कडेला नेता यावी एवढा चढा, ठरावीक स्लो धरून ठेवतो. गाडी धुताना पेडलजवळच्या किंवा इंजिनावरच्या कनेक्टरमध्ये पाणी गेले असावे. बॅटरीची केबल काढून तो कनेक्टर सोडवा, पिना हिरवट झाल्या आहेत का पाहा, कोरड्या हवेने वाळवा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरची व्होल्टेज शेजारी-शेजारी लावून पेडल दाबत पाहा. ब्रेक पेडलचा स्विचही याच वेळी तपासावा. ब्रेक सतत दाबलेला आहे असे इसीयूला वाटले, तर काही गाड्यांत तो अॅक्सिलरेटरचे म्हणणे दुर्लक्षित करतो.

कॉमन रेलमध्ये आयडलचा स्क्रू नसतोच. पुढे कधी आयडल थरथरू लागला, तर स्कॅनरमध्ये प्रत्येक सिलिंडरचे इंधन-दुरुस्तीचे आकडे पाहावेत. एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा फार वेगळा दिसला, तर परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत टाकतो ते मोजावे. ही परतीची वाट कमी दाबाची असते, तरी नळ्या इंजिन बंद असतानाच जोडाव्यात. इंजेक्टर बदलला, तर त्यावर छापलेला कोड इसीयूत भरून घेतल्याशिवाय गॅरेजमधून निघू नये.

प्रश्न : आमचा चालक रोज पहाटे ट्रक सुरू करून पंधरा मिनिटे स्लोवर ठेवतो. कॉमन रेल, टर्बो इंजिन आहे. हे आवश्यक आहे का?
— एक वाचक, निगडी

उत्तर : नाही. पुण्यात थंडीच्या दिवसांतही पहाटेचे तापमान सहसा दहा-बारा अंशांच्या फारसे खाली जात नाही. ऑइलचा दिवा विझल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबावे. एअर ब्रेकची गाडी असेल, तर हवेचा दाब भरेपर्यंत थांबावे आणि मग पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिनावर जोर न देता चालवावे. डिझेल इंजिन आयडलला फार सावकाश तापते. थंड सिलिंडरमध्ये अर्धवट जळालेले डिझेल नोझलवर व ईजीआर व्हॉल्व्हवर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर) काजळी धरते आणि थोडे ऑइलमध्येही उतरते, म्हणून पंधरा मिनिटांच्या आयडलने इंजिनाचे भले होत नाही. चालकाची सवय पूर्णपणे चुकीची नाही, फक्त वेळ चुकली आहे. भरलेली गाडी बोर घाट चढून लोणावळ्याला चहासाठी थांबते, तेव्हा टर्बो अतिशय तापलेला असतो आणि त्याच्या बेअरिंगला ऑइल इंजिन चालू असेपर्यंतच मिळते. तेथे किल्ली फिरवण्याआधी दोन-तीन मिनिटे इंजिन स्लोवर अवश्य ठेवावे.